दाराखालच्या चिठ्ठ्या

७ जानेवारी

आधी सगळ्यांची तब्येत. लेक — बरी, टाके ओढतात पण चालते-फिरते. जावईबापू — बरे. पहाटे बस काढायला निघतात आणि कानटोपी रोज विसरतात. भिंगरी, वय सात — बरी. बोका, वय साडेतीन — नाक वाहतंय. मी — ठणठणीत. वाटाणा — चौदाशे दहा ग्रॅम.

हे हौसेनं लिहीत नाही. दवाखान्यात नर्सबाई लेकीला दारातच अडवून एकेकाचं विचारतात. वाटाणा दोन महिने आधीच आली, काचेच्या पेटीत आहे. नाव बोक्याने ठेवलं. "केवढी आहे?" म्हणाला, जावईबापूंनी बोटांनी दाखवलं, तर हा म्हणे, "म्हणजे वाटाणा."

आज बोक्याच्या नाकाचं निघालं आणि नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलं — आई मुलांपासून वेगळी राहणार असेल तरच आत यायचं. शेजारच्या पेटीतल्या बाळाला साधी सर्दीच बाधली, ते आता नळ्यांवर आहे. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. तेव्हा लेक दुपारीच मागच्या खोलीत राहायला गेली. त्या खोलीला गल्लीकडून वेगळं दार आहे, तिथूनच तिचं जाणं-येणं. मधलं दार बंद.

बोका तासभर त्या दारापाशी बसून होता. "आई, सापडलीस. ये आता बाहेर."

८ जानेवारी

बोका दाराला लाथा घालतो. भिंगरीने युक्ती काढली. दाराखाली बोटभर फट आहे, तिच्यातून चिठ्ठी सारायची.

"आजोबा, मी सांगते, तुम्ही लिहा."

तू का नाही लिहीत? तर म्हणे, "माझं अक्षर बघून वर्गात हसतात."

मी म्हटलं, अगं, एकतिसाव्या वर्षापर्यंत मला अक्षर म्हणजे काळी मुंगीच होती. लॉन्ड्रीच्या बॉयलरवर होतो. तासातासाला वाफेचा दाब वहीत लिहायचा असे, तो मी जोडीदाराकडून लिहून घ्यायचो. एक दिवस तो आजारी पडला आणि पान कोरं राहिलं. साहेबाने सगळ्यांदेखत विचारलं, तेव्हा शिकलो — दुकानांच्या पाट्या वाचून, साबणाच्या खोक्यांवरून.

"मग तुमचं अक्षरपण घाण असेल."

आहेच की.

"मग तुम्हीच लिहा. तुम्हाला सवय आहे."

वकिलीण होणार कार्टी. पहिली चिठ्ठी अशी गेली — आई, बोक्याने माझा हिरवा खडू खाल्ला. थोडासाच. तू कशी आहेस? उत्तर लवकर लिही.

दोन मिनिटांत उत्तर सरकत आलं — मी बरी आहे. त्याला पाणी पाजा. उरलेला खडू फळीवर ठेवा.

११ जानेवारी

चौदाशे साठ. थेंबे थेंबे तळे साचे.

१३ जानेवारी

आता दोघंही शिंकतात. खिडकीच्या काचेवर सकाळी वाफ धरते, तिच्यावर बोका बोटाने गोळे काढतो. सगळे वाटाणेच. ऊन पायरीवर आलं की दोघांना शालीत गुंडाळून तिथे बसवतो. दोरीवर बारा रुमाल. आयुष्यभर लोकांचे कपडे वाफेवर वाळवले, आता नाती-नातवाचे शेंबडे रुमाल उन्हात.

दिवसभर माझं एकच पालुपद — नाक पूस, हात धू. नाक पूस, हात धू. बोका म्हणाला, "आजोबा, तुम्ही दुसरं काही बोला ना."

संध्याकाळी त्याने चाटून पाहिलेलं बिस्किट दाराखालून सारलं. अर्धं आत गेलं, अर्धं इकडे राहिलं. उत्तर आलं — बिस्किट मिळालं. इतकं गोड बिस्किट मी कधी पाहिलं नव्हतं. खाली बारीक अक्षरात माझ्यासाठी — बाबा, काळजी नको, टाकून दिलं, हात धुतले.

१६ जानेवारी

मुलं शेजारच्या शिवणकामवाल्या वहिनींकडे चिंध्या वेचायला गेली होती. मी भांडी घासत होतो. नळ बंद केला तर मागच्या खोलीतून हुंदका.

दोनदा दार वाजवलं. म्हणाली, "काही नाही बाबा. दूध काढताना दुखतं."

बॉयलरवर काटा बघायच्या आधी आवाजावरून कळतं, आत किती कोंडलंय. हे दुधाचं नव्हतं. मी हात पुसले आणि दाराला पाठ लावून खाली बसलो. थोड्या वेळाने दार जरासं माझ्याकडे सरकलं. तिनेही पलीकडून पाठ टेकली असावी.

"बाबा, बोका मला विसरेल का हो?"

म्हटलं, तो रोज तुझ्या उशीवर झोपतो, माझ्या कुशीत नाही. मला तर ढुंकून विचारत नाही.

हसली. ती उठेपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. शेगडीवरचं सूप जरा करपलं.

२० जानेवारी

मुलांची नाकं कोरडी. सोळाशे तीस!

आणि दुसरी गोष्ट. लेक दारापलीकडून म्हणाली, बाळाला उघड्या छातीशी धरून बसलं की तिची वाढ चांगली होते, ती स्वतः रोज बसते. दुपारी तिला विश्रांती हवी म्हणून नर्सबाई घरातल्या आणखी एकाला बसू देणार आहेत. जावईबापूंची या आठवड्यात दुपारची पाळी. "बाबा, उद्या तुम्ही चला."

वाटाण्याला मी अजून काचेतूनही पाहिलेलं नाही. नखं कापली. दाढी दोनदा केली. छातीवरचे केस टोचतील का, म्हणून जावईबापूंना विचारलं. ते म्हणाले, "बाबा, ती बाळ आहे, सोफा दाबून बघणारं गिऱ्हाईक नाही."

२१ जानेवारी

नीट लिहायचं आहे. खाडाखोड करायची नाही.

पहाटे उठलो तेव्हा घशात काहीतरी होतं. झोप नीट झाली नसेल म्हटलं. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, स्वेटर चढवला, मुलांना वहिनींकडे सोडलं. कुणाला काही बोललो नाही. बसमध्ये लेकीशेजारी बसलो — इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मध्ये दार नव्हतं. तिने माझा हात हातात घेतला होता. मी सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून. चोराच्या मनात चांदणं.

दवाखान्यात कोपरापर्यंत हात धुतले. काचेतून दिसली. मूठ बाटलीच्या बुचाएवढी. टोपी डोळ्यांवर आलेली — नाकापेक्षा मोती जड. पाय मात्र माझ्यासारखे, अंगठ्याशेजारचं बोट लांब.

नर्सबाई विचारत होत्या. मुलांची सर्दी? गेली. खोकला? नाही. जावई? बरे. तुम्ही, ताई? बरी. त्या वही मिटतच होत्या. "आणि आजोबा ठणठणीतच दिसताहेत."

नुसती मान हलवायची होती.

तीस वर्षांत मी वहीत एकदाही खोटा दाब लिहिला नाही. काटा वर गेला तर वर गेला, असंच लिहिलं.

म्हटलं, "घसा खवखवतोय. पहाटेपासून."

नर्सबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं बोललात." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "पण तुम्ही यांच्याबरोबर बसमधून आलात ना? तीन दिवस आत यायचं नाही. दूध दाराशी द्या."

लेक बाकावर माझ्यापासून लांब जाऊन बसली. परतताना वेगळ्या बसने आली. एवढंच म्हणाली, "बाबा, घरी का नाही सांगितलंत?"

पंधरा दिवस मी पोरांच्या नाकामागे लागलो होतो. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

२२ जानेवारी

ताप. मागच्या खोलीत आता मी. मुलं बरी झाली आहेत, तेव्हा लेक त्यांच्यात गेली. दार उघडल्यावर बोक्याने तिच्या गळ्याला जी मिठी मारली, ती जेवताना सोडेना, असं जावईबापूंनी दाराबाहेरून सांगितलं. एवढं तरी माझ्या घशामुळे झालं.

वाटाणा सोळाशे पन्नास.

२३ जानेवारी

सोळाशे चाळीस. दहा कमी.

जेवण स्टुलावर ठेवलेलं असतं. लेक दोनदा टकटक करून जाते. बोलत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

२५ जानेवारी

लेकीला काही झालं नाही. नाक कोरडं, घसा साफ. नर्सबाईंनी आत घेतलं. आज तासभर बाळाला छातीशी धरून बसली. हे तिने स्वतः दाराशी येऊन सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथे मान हलवली असती तर मला कधीच कळलं नसतं." स्टूल दाराशी सरकवल्याचा आवाज आला. म्हणाली, "सूप गरम आहे तोवर घ्या."

सूप खारट होतं. सगळं प्यायलो.

२८ जानेवारी

सतराशे पन्नास. ताप नाही, खोकला आहे. छाती पिंपासारखी वाजते. अठराशे झाली की घरी सोडणार. म्हणजे ती येणार, आणि मी या दाराच्या चुकीच्या बाजूला. असू दे. या खोलीत सकाळी ऊन छान येतं.

३१ जानेवारी

अठराशे वीस. दुपारी पुढच्या दाराशी गलका झाला, मग एकदम सगळे गप्प, आणि मग भिंतीपलीकडून आवाज. शिट्टी बारीक सुटावी तसा. मी दाराला पाठ लावून बसलो.

आता दाराखालून कागद आला. लेकीचं अक्षर नाही, जावईबापूंचंही नाही. रेघ सोडून चढत गेलेलं, हिरव्या खडूने. कुणी सांगून लिहून घेतलेलं नाही. जसंच्या तसं उतरवतो —

आजोबा तुमचा खोकला कसा आहे. आई बरी आहे. पप्पा बरे आहेत. बोक्याचं नाक बरं आहे. मी बरी आहे. वाटाणा बरी आहे पण रडते. आई म्हणते तुम्ही बरे झाला की पहिल्यांदा तुमच्या छातीवर ठेवायची. तोपर्यंत कुणाला द्यायची नाही. बोक्याला पण नाही. उत्तर लवकर लिहा.