धुळाजीच्या आखाड्यावरचे सिग्नल

५ जानेवारी
मशीन तयार. जमिनीखालचा धातू शोधणारं. कॉइल माझी मीच भरली. जन्मभर विहिरीवरच्या मोटारी भरल्या, ही तर ताटलीएवढी. दांडा नळाच्या पाइपचा, सर्किट जेवणाच्या डब्यात. यूट्यूबवरच्या गोऱ्या माणसापेक्षा आपलं मशीन सरस आहे. त्याचं हातात घेऊन पाहिलेलं नाही, पण अंदाज येतो. अंगणात बायकोची, जानकीबाईची, पिन शोधून दाखवली. ती म्हणाली, हरवली नव्हती, तुमीच आत्ता टाकली.
ठरवलं ते असं. रोज एक तास शोधमोहीम. फक्त उजाड जागी. आणि खणलेला खड्डा असा बुजवायचा की खुद्द देवालाही पत्ता लागू नये. हा गोऱ्या माणसाचा नियम आहे. मला लई आवडला.

७ जानेवारी
जागा ठरली. धुळाजीचा आखाडा. गावापासून लांब, माळावर, शेतातलं जुनं घर. धुळाजी कधीच गेला, घरचे सडकेला राहायला आले, आखाड्याच्या भिंती आता कमरेएवढ्या. छप्पर नाही म्हणजे मालक नाही, असं मी धरतो.
वाहेदला सांगितलं. भंगारवाला, माझा लहानपणापासूनचा दोस्त. म्हणाला, "मोकळं घर हाय, मेलेलं न्हाई. धुळाजीची म्हातारी हाय की अजून. साखराबाईला इचारून जा बे."
साखराबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिला मशीन दाखवून काय उपयोग. नाही विचारलं.

१० जानेवारी
पहिला दिवस यशस्वी. एक नाल, म्हणजे इथे घोडदळाचा तळ होता. वाहेद म्हणतो बैलाची हाय. एक नाणं, कडेला पाकळ्या पाकळ्या. सातवाहनांना फुलांची आवड असणारच. घासल्यावर इंग्रजी आकडे दिसायला लागले, म्हणून घासणं थांबवलं. जुन्या वस्तूला फार घासू नये.
कंबर धरली आहे. उद्या विश्रांती.

१४ जानेवारी
संक्रांत. वाटेत शेळ्यावाला अंगद भेटला. तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाला आणि लगेच वाकडं बोलला. "काका, आखाड्याच्या मागच्या अंगाला जाऊ नका. आमी तिकडं शेळ्या बी बसवत न्हाई."
का म्हणून, असं विचारलं. तर म्हणाला, "न्हाई बसवत." आणि निघून गेला.
चारा कमी असेल तिकडे. शेळ्यांना अजून काय लागतं.
मागच्या अंगालाच गेलो. हेडफोनमध्ये मधूनच बारीक आवाज येतो. सिग्नलचा नाही. मांजराचं पिल्लू केकाटल्यासारखा. हेडफोन काढला की बंद. कॅपॅसिटर बदलायला हवा.

१८ जानेवारी, दुपार
आखाड्याच्या मागे, उगवतीला, तीन दगड नीट मांडलेले. वर बाभळीचे काटे दाबून ठेवलेले. आता कुणी उगाच काटे ठेवील का? चोराने हात घालू नये म्हणूनच ना. मशीन नेलं, कुंय झालं. काटे काढून जाळले. दगड लोटत भिंतीपाशी नेले, तिथे बसायला बरं झालं.
खणलं. हातभर खाली माती पांढरी निघाली. जिभेवर ठेवून पाहिली. खारट. मीठ. मीठ पूर्वी फार किमती होतं, म्हणजे इथे कोठार असलं पाहिजे.
आणि मिठात दोन वाळे. चांदीचे, काळे पडलेले, माझ्या दोन बोटांत मावतील एवढे. शेजारी शेजारी, जोडीने ठेवल्यासारखे.
खाली बारीक बारीक वाळलेल्या मुळ्या होत्या. जवळपास झाड मात्र नाही. जुनं झाड असेल.
खड्डा असा बुजवला की गोऱ्या माणसाने पाठ थोपटली असती. वर गवताच्या काड्या पसरल्या. आता माझी मला जागा सापडणार नाही.

२३ जानेवारी
नात झाली. सुनबाई सुनिताचं दुसरं बाळंतपण, म्हणून आपल्याच घरी. पोराने, अभिमन्यूने, दवाखान्यातून फोन केला.
तिचं तोंड अजून पाहायचं होतं, पण माझं ठरलं. ते वाळे नातीला. बारशाला आजोबाच्या हातचे, आजोबाने स्वतः शोधलेले. हल्ली दुकानातली चांदी कोण घालतो.
जानकीबाईने विचारलं, कुठून आणले. सांगितलं, सराफाकडून. खोटं म्हणता येणार नाही, कारण पॉलिशला सराफाकडेच देणार आहे.

२५ जानेवारी
केजला राधाकिशन सराफाकडे गेलो. त्याने चष्मा लावला, उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "कुणाच्या लेकराचे?"
जुने आहेत म्हणालो.
म्हणाला, "तोंडं मिटलेली हायत. लेकराच्या पायातून वाळा काढायचा तर तोंड उघडावं लागतं. हे कुणी काढलेलेच न्हाईत."
म्हणालो, पूर्वीच्या लोकांचं पॅकिंग चांगलं.
राधाकिशन नेहमी पोराला चहा सांगतो, तो सांगायचा राहिला. तोंडं थोडी मोठी करून घुंगरू लावायला दिले. घेताना त्याने वाळे हातात न घेता कागदावर ठेवायला लावले. सराफ लोकांची रीत असते.

२९ जानेवारी, अमावस्या
घात. आखाड्यावर स्पर्धक.
साखराबाई. काठी टेकत मागच्या अंगाला फिरत होती. वाकायची, जमिनीला हात लावायची, दोन पावलं पुढे, परत वाकायची. मी लगेच ओळखलं. नवऱ्याने मरताना जागा सांगितली असणार, आणि ही दर अमावस्येला येऊन खात्री करून जाते.
माझी चाहूल लागली तशी म्हणाली, "कोण हाय? हितले दगड कुठं गेले बाबा?"
म्हणालो, कसले दगड?
"तीन होते. काटे होते वर."
म्हणालो, मी आत्ताच आलोय, मला काही माहीत नाही. ज्या दगडावर बसलो होतो तिथून हळूच उठलो.
अंधार पडेस्तोवर ती चाचपत होती, असं अंगदने नंतर सांगितलं. मी लवकर निघालो होतो. पित्ताचा त्रास.

३ फेब्रुवारी
स्पर्धकाला चकवण्यासाठी मागच्या अंगाला आणखी खड्डे खणले आणि बुजवले. सगळे सारखे. सगळी जमीन सारखी.
एक नोंद. कॅपॅसिटर बदललाच नाही, तरी तो बारीक आवाज गेला. वाळे निघाले त्या दिवसापासून एकदाही आला नाही. मशीन आपोआप सुधारतं, हे वाहेदला पटवता आलं नाही. तो म्हणाला, "काय सापडलंय तुला, आसाराम?"
नाल, म्हणालो.

१० फेब्रुवारी
वाळे आले. काय चमक. नात सकाळपासून रडत होती, त्याच बारीक आवाजात. घरात कुणी नाही बघून पायात घालून पाहिले. एकदम गप्प. रडं कापल्यासारखं थांबलं. टक लावून बघत राहिली, माझ्याकडे नाही, माझ्या मागे.
आवडले तिला.
पाय गार लागले. थंडी आहे.

१२ फेब्रुवारी
नातीला ताप. डॉक्टर म्हणतात सर्दी. डॉक्टर शिकलेला आहे, त्याचंच खरं.
जानकीबाई मीठमोहऱ्या उतरवून टाकत होती. मीठ विस्तवावर तडतडलं तसा मी बाहेर गेलो. धुराचा त्रास होतो मला.
वाळे काढून डब्यात ठेवले. तापाचा संबंध नाही. चांदीला घाम चांगला नसतो.

२० फेब्रुवारी
ताप उतरला. म्हणजे माझं बरोबर होतं, सर्दीच होती. बारसं दोन मार्चला. वाळे घालणार. आता घाबरण्यासारखं काही नाही, आधीही नव्हतं.
साखराबाईचं मात्र मनातून जात नाही. एवढी म्हातारी, एवढ्या लांब चालत येते. स्पर्धक झाली म्हणून काय झालं. तिला बारशाचं बोलावणं द्यायचं ठरवलं. माणसाने मन मोठं ठेवावं.

२७ फेब्रुवारी, अमावस्या
थर्मासमध्ये चहा नेला. ती होतीच. भिंतीपाशी बसली होती, माझ्या बसायच्या दगडांवर हात ठेवून. म्हणाली, "दगड गावले. हितं आणून टाकलेत कुणीतरी. पण हे हितले न्हवं."
चहा दिला. बारशाचं सांगितलं. नातीचं सांगितलं. बोलता बोलता वाळ्यांचंही सांगितलं, नातीसाठी जुने चांदीचे वाळे मिळालेत म्हणून. मोठेपणा सांगायची सवय, दुसरं काय.
तिने कप खाली ठेवला.
"दोन हायत का?"
हो म्हणालो.
"मिठात हुते?"
लांब कुठे तरी अंगदच्या शेळ्या ओरडत होत्या.
ती सांगत गेली, जसं बाजारातलं सांगावं तसं. पहिलीच लेक. बारसं व्हायच्या आत गेली. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, मातीत देतात. बायका पायातले वाळे काढायला लागल्या. "मी काढू दिले न्हाईत. धुळाजी बी म्हणला, राहू दे तिला तिचं. वर मीठ घातलं, दगड ठिवले. कोल्ह्याकुत्र्याला काटे."
मग म्हणाली, "नाव ठिवायचं राहिलं तिचं. हाक मारायला न्हाई काय. म्हणून नुसती येऊन बसते."
मी थर्मासचं झाकण लावत होतो. आटे बसत नव्हते.

२८ फेब्रुवारी
सकाळीच वाळ्यांचा डबा घेऊन निघालो. मशीनही घेतलं. जानकीबाईला म्हणालो, वाळ्यांचं काम राहिलंय.
साखराबाईला घरून सोबत घेतलं आणि आखाड्यावर तिच्या हातात वाळे दिले. तिने बोटांनी चाचपले. घुंगरू वाजले तशी मान वर केली. "हे वाजत न्हवते."
चिमटा खिशात असतो माझ्या. तिथेच बसून एक एक घुंगरू काढलं. राधाकिशनने पक्के बसवले होते. मग तोंडं दाबून मिटवली, होती तशी. होती तशी म्हणजे अंदाजे.
तिने पुन्हा चाचपले आणि परत दिले. "ठिव तिच्या जागेला. तू काढलेस, तूच ठिव. कुठं हुतं?"
मी उठलो. मागचं अंग पाहिलं. सगळं सारखं. एक खड्डा ओळखू येईना. गवताच्या काड्यासुद्धा वाऱ्याने सारख्या झालेल्या. मशीन लावलं, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आवाज नाही. आवाज कुठून येणार, जे वाजायचं ते माझ्या खिशात. मीठ लागेल म्हणून दोन-तीन जागी खणून चाखलं. माती नुसती मातीसारखी लागली.
ती काठीवर हात ठेवून उभी. "गावली का रं?"
बराच वेळ झाला होता. ऊन चढलं होतं, तिचे पाय कापत होते. 
म्हणालो, "गावली. हितंच."
खणलं. घरून मीठ आणलं होतं, ते घातलं. वाळे ठेवले, शेजारी शेजारी. दगड उचलून आणताना कंबर गेली. काटे तिने स्वतः मांडले. हाताला रक्त आलं, तर म्हणाली, असू दे.

२ मार्च
बारसं झालं. नातीच्या पायात काळा दोरा. सुनिताने विचारलं, मामा, वाळे? म्हणालो, सराफाने वेळेवर दिले नाहीत. जानकीबाईने माझ्या नखांतली माती पाहिली आणि हात धुवायला पाणी दिलं.
साखराबाई आली नाही. वाट बघितली.
कानात नाव सांगताना नात रडली. मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

२९ मार्च, अमावस्या
मशीन नेलं नाही. चहा नेला, पण लांबच थांबलो.
ती दगडांपाशी बसली होती, हात टेकून. काहीतरी बोलत होती. एवढ्या लांबून ऐकू येत नाही. पण मधूनमधून एकच शब्द परत परत येत होता, हाक मारल्यासारखा. नाव ठेवलं असावं तिने.
ती बसली होती ती जागा बरोबर आहे की चार हात इकडे की दहा हात तिकडे, हे कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.
चहा थंड झाला. तसाच परत आणला.