बेटावरची तपासणी

प्रिय पल्लवी,

हे पत्र आपला होडीवाला कान्हू रामनगरला जाऊन टपालात टाकणार आहे. फोन का नाही केलास, असं तू विचारशीलच. बेटावर रेंज मिळते ती फक्त फणसाखाली, आणि तिथं उभं राहून बोललेलं प्रवीणच्या अंगणात स्वच्छ ऐकू जातं. प्रवीणला कळलं, की कुंभारवाड्याची बस सुटायच्या आत बातमी तिथं जाऊन बसते. शिवाय फोनवर तू "आई, मीटिंग आहे, पटकन सांग" म्हणतेस. ही गोष्ट पटकन सांगण्यातली नाही. तेव्हा चहा करून घे आणि निवांत बस.

तू पुण्याला नोकरीला लागलीस आणि मी माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागले, तेव्हा वाटलं होतं, माणसं धनेश पक्षी बघायला येतील, राफ्टिंग करतील, नदीचा वारा खातील. त्यासाठीच येतात म्हणा. पण होडीतून उतरल्या उतरल्या, चप्पल काढायच्याही आधी, विचारतात ते निराळंच. "आंटी, ड्रिंक्सचं काय?" आपल्यासारख्या घरगुती होमस्टेला दारू विकायची परवानगी नाही. पाहुण्यानं परवान्याच्या दुकानातून आपली आपण आणली तर ती त्याची गोष्ट. पण गोवा आपल्याला परसदारी, आणि तिथं बाटली स्वस्त. त्यामुळं पाहुण्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि गोवा जास्त असतो. ती बाटली परवान्याशिवाय हद्दीच्या अलीकडं आणायला बंदी आहे, असं मी सांगते, तेव्हा बंगळूरची पोरं माझ्याकडं अशी बघतात, जणू हा कायदा मीच चुलीपाशी बसून केला.

बेटाच्या पलीकडच्या टोकाला प्रवीणचे तंबू. त्याच्याकडं एक फ्रिज आहे. तो मासळीचा, असं तो सांगतो. त्या फ्रिजमधली मासळी दुप्पट दरानं विकली जाते आणि सोबत चकणा लागतो, हे बेटावरच्या कुत्र्यालाही ठाऊक. कुणीतरी अबकारी खात्याकडं तक्रार केली, पण तक्रारीत नुसतं 'बेटावरचं होमस्टे' एवढंच होतं. होडी लागते ती आपल्या धक्क्याला. म्हणून साहेब आले ते आपल्याच घरी.

नागराज त्यांचं नाव. मूळचे हल्याळकडचे, त्यामुळं मराठी येते, पण रागावले की कानडीत रागावतात. खाकी कपड्यांवर नारिंगी लाइफ जॅकेट, दोन्ही हातांनी होडीच्या कडा धरलेल्या, आणि डोळे गच्च मिटलेले. होडी काठाला लागली तरी ते हलेनात. शेवटी कान्हू म्हणाला, "साहेब, डोळं उघडा, नदी संपली."

स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांचा चेहरा उजळला. मांडणीवर गोव्याच्या बाटल्यांची रांगच्या रांग. आता तूच सांग, आपल्या भागात गोव्याची रिकामी बाटली नाही असं घर कुठलं? एकीत मध, एकीत खोबरेल, दोन-तीनमध्ये आगळ, मोरीपाशी फिनेल. साहेबांनी एकेक बूच उघडून वास घ्यायला सुरुवात केली. फिनेलपाशी त्यांना शिंका आल्या, तरी थांबले नाहीत. मग हातात आली आगळाची बाटली. लेबल फेणीचं, आत लालभडक पातळ. त्यांनी बूचभर ओतलं आणि माझा हात मध्ये पोचायच्या आत घशाखाली घातलं. मीठ घालून मुरवलेलं कोरं आगळ, पल्लवी. त्यांनी खिडकीचे गज धरले. डोळ्यांतून पाणी. मग विचारलं, "ह्याला काय म्हणतात?"

"आगळ. कोकमाचं."

"चढतं?"

"न्हाई. दात आंबतात."

मी त्यांना गूळ दिला, वाटीभर सोलकढी दिली. जाताना त्यांनी मला बजावलं, "अक्का, बाटलीवर एक आणि आत एक, असं ठेवू नका. खात्याला फार त्रास होतो." प्रवीणच्या फ्रिजकडं त्या दिवशी कुणी फिरकलंच नाही. साहेबांचे दात एवढे आंबले होते, की आणखी काही तपासायची त्यांच्यात ताकद नव्हती.

खरं सांगू, पाहुण्यांचं पिणं एवढं भराभर बदललं, की कायदा मागं राहिला. सुरुवातीला यायचे ते रमवाले. रात्री गाणी म्हणायचे, सकाळी मला आई म्हणून रडायचे. मग बिअरची लाट आली. त्यात पोरी पोरांच्या पुढं. पण त्यांचं वागणं नीट. पिऊन झाल्यावर ग्लास विसळून ठेवायच्या, पोरांना उचलून खोलीत नेऊन टाकायच्या. आणि आता गेल्या वर्ष-दोन वर्षांत निराळाच माल यायला लागलाय, अजिबात न पिणारी तरुण पोरं. पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं, काय लागेल? म्हणाली, "आंटी, आम्ही सोबर आहोत." मला वाटलं आडनाव. दुसऱ्या दिवशी नाष्ट्याच्या वेळी मी कान्हूला सांगितलं, सोबरांना आधी वाढ.

या पोरांची अडचण अशी, की प्यायचं नाही, पण हातात ग्लास मात्र हवा, आणि तो फोटोत चांगला दिसायला हवा. मी कोकम घेतलं, आलं ठेचलं, एक हिरवी मिरची चिरून टाकली, वरून सोडा, ग्लासाच्या कडेला मीठ. पोरं खूश. तिन्हीसांजेला नदीकाठी बसून पेल्यावर पेले, मग टाळ्या, मग नाच. तिकडं प्रवीणचे तंबू ओस. त्यानं काय करावं? आपल्याच हातानं अबकारीला कळवलं, की केशरबाई घरी काहीतरी गाळतात, कारण नुसत्या कोकमावर कुणी नाचत नाही.

साहेब पुन्हा आले. नारिंगी जॅकेट, मिटलेले डोळे. या वेळी धीरानं घेतलं त्यांनी. एक ग्लास घोट घोट प्याले आणि ओट्यावर बसून राहिले. मग दुसरा मागितला. पुन्हा बसले. थोड्या वेळानं जरा हिरमुसून म्हणाले, "अजून काही व्हईना." कान्हू म्हणाला, "साहेब, चढायची वाट बघताय, का अजून एक मिळायची?" तेवढ्यात वरून धरणाचं पाणी सोडलं आणि नदी फुगली. जोर ओसरेपर्यंत कान्हू होडी काढेना. साहेब अडकले. रिकामं बसवेना म्हणून माझ्यासमोरचं सूप ओढून त्यातला लसूण सोलायला बसले. सोलता सोलता म्हणाले, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा म्हैसूरला असतो. ड्यूटीवरून आलं की घर अंधारात असतं, आपलं आपण बटण दाबायचं. एवढंच बोलले आणि पुढची पाकळी घेतली. त्या बटणाचं मला वेगळं काय सांगायचं.

त्यानंतर निवडणूक आली. मतदानाआधी सगळीकडं दारूबंदी, म्हणून तपासणी. ती रीतसर होती. मग गांधी जयंती, तीही रीतसर. त्यानंतरच्या एका सोमवारी का आले, ते त्यांनाही सांगता येईना. म्हणाले, पावसाळ्यानंतर ओलावा असतो, साठा तपासावा लागतो. कसला साठा, ते मी विचारलं नाही. फणसाचे पापड तळले. कान्हू होडीतल्या लोकांना सांगायला लागला, आमच्या बाईंच्या घरची तपासणी चुलीपासनं सुरू व्हते आणि पानसुपारीला संपते.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पहिल्या दिवशी ते मला अक्का म्हणाले होते. दुसऱ्या खेपेलाही अक्का. निवडणुकीच्या सुमारास अक्का गळून पडलं आणि त्या जागी काही आलंच नाही. नुसतं 'ऐकलं का' म्हणून थांबायचे. हे तू वाचतेस आणि हसतेस, मला माहीत आहे. हस. मीही भाकरी थापताना हसले होते.

भोगावं लागलं ते प्रवीणला. खाकीतला माणूस ओसरीवर बसलाय म्हटल्यावर त्याच्या फ्रिजकडं जायला कुणी धजेना. आपल्याकडं मात्र कुटुंबं यायला लागली. कुणीतरी नेटवर लिहिलं, फार सुरक्षित जागा, सरकारी अधिकारी कायम हजर. शेवटी प्रवीण हात जोडून आला. म्हणाला, "वहिनी, तुमीच सांगा साहेबास्नी. माझं लेकरंबाळंवालं घर हाय." मी म्हटलं, मासळी विक की. तर त्यानं खरंच फ्रिजमध्ये मासळी भरली. आता चांगली चालते.

पण सगळेच हात जोडत नाहीत. कुणीतरी साहेबांच्या वरिष्ठांना निनावी कळवलं, की हा माणूस बेटावर खातो-पितो आणि त्या बाईला सांभाळून घेतो. त्यांना बोलावून विचारलं गेलं, जिथं दारूच सापडत नाही तिथं एवढ्या फेऱ्या कशाला? खबर होती म्हणाले असते तर सुटले असते. ते म्हणाले, "पहिल्या फेऱ्या कामाच्या होत्या. नंतरच्या माझ्या होत्या. त्या मी रजेवर मांडून घेतो." हे मला त्यांच्या ड्रायव्हरकडून कान्हूमार्फत कळलं. आणि त्यानंतर ते यायचे थांबले.

मला वाटलं, बरं झालं. चार माणसांची तोंडं बंद होतील. पण पल्लवी, होडीचा आवाज आला की मी हातातलं टाकून दाराशी जायला लागले. उतरायचे ते सोबर. मी त्यांना कोकम द्यायची आणि त्यात साखर घालायची विसरायची. एकदा मीठ दोनदा पडलं. पाहुणे म्हणाले, ऑथेंटिक आहे.

अशात खानापूरहून तुझी रुक्मात्या आली. बोलणी तिच्यापर्यंत पोचली होती. वहिनीला चार शब्द सुनवावेत म्हणून पिशवी भरून आली होती. दोन दिवस ती नुसती माझ्याकडं बघत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी नवं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल." कुठं, विचारलं. "त्या मानसाच्या कचेरीत. एकदा डोळ्यांनी बघते, मग तुला शिव्या द्यायच्या का त्याला ते ठरवते."

आयुष्यात पहिल्यांदा मी अबकारीच्या कचेरीची पायरी चढले. दारातल्या कारकुनानं विचारलं, काय काम? रुक्मात्या माझ्याकडं बघायला लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, "तक्रार द्यायची हाय."

"कुणाविरुद्ध?"

"इन्स्पेक्टर साहेबांविरुद्ध. तपासणीला येत न्हाईत."

सगळ्या कचेरीनं मान वर केली. आतून नागराज बाहेर आले, आणि एवढा पाण्याला भिणारा माणूस, कोरड्या जमिनीवर उभ्या उभ्या त्याचा रंग उडाला. आम्हाला समोरच्या हॉटेलात नेलं, चहा सांगितला. म्हणाले, मी यायचं थांबलो ते तुमचं नाव खराब होऊ नये म्हणून. संक्रांतीनंतर रिटायर होतो. तेव्हा खाकी उतरवून येणार होतो, आणि विचारणार होतो. काय विचारणार होतो, ते बोलायला त्यांना दुसरा चहा लागला.

रुक्मात्यानं मग सगळी चौकशी केली. साखर आहे का, पेन्शन बसतं का, पिता का. म्हणाले, "एवढी वर्षं जप्तीच्या मालाजवळ बसलोय, आता वासानंच डोकं दुखतं." आत्यानं बशीतला चहा संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि निकाल दिला. "माझा भाऊ देवमाणूस होता, त्याची जागा तशीच ऱ्हाणार. पण ह्यो पाण्याला भितो म्हणजे बेटावरनं पळून जायचा न्हाई. वहिनी, तू व्हय म्हन." परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून रडली आणि मी विचारल्यावर म्हणाली, धूळ गेली.

मी अजून व्हय म्हटलेलं नाही, आणि हे पत्र त्यासाठीच आहे. सब-रजिस्ट्रारकडं लग्नाचा अर्ज दिला की नोटीस फळ्यावर लागते आणि सगळा तालुका वाचतो. तिथं माझं नाव लागायच्या आधी तुला माझ्याकडून कळायला हवं. तुला राग येईल का, ओशाळं वाटेल का, पुण्यातल्या मैत्रिणींना काय सांगशील, याचा विचार करून मी चार वेळा कागद फाडला. बाबांवरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही, हे तुला लिहून सांगायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं. पण सांगते. माझं ठरत आलंय, पल्लवी, तरी तुझ्या पाठीमागं मला काही करायचं नाही. तू रागावणार असशील तर इथं येऊन रागाव, मी ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही. त्या कचेरीत तीन साक्षीदार लागतात म्हणे. एक सही कान्हू करणार आहे, दुसरी तुझी रुक्मात्या. तिसरीसाठी प्रवीणची बायको केव्हाची तयार आहे, पण तिला मी अजून होकार दिलेला नाही. ती जागा मोकळी ठेवलीय.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आई