हिराला मदत

५ जाने., सोम.
दुसरीच्या वर्गात आजपासून नवा नियम. दिवसभर जो दुसऱ्याला मदत करील, तो सुटीची घंटा वाजवणार. घंटेसाठी ही पोरं काय वाट्टेल ते करतील. माझी युक्ती मलाच लय आवडली.
खरा हेतू हिरा. मेंढपाळाची पोर, जतकडची. यांच्या मेंढ्या शाळेमागच्या तोडलेल्या उसाच्या रानात बसल्यात. वाचताना अडखळते, कुणाशी बोलत नाही. सोबत मिळेल तिला.

७, बुध.
मदतीचा नुसता सुळसुळाट. सार्थकने पहिलीतल्या पोराचं दप्तर ओढून घेतलं, ते रडत मागे. एकीने मैत्रिणीची बाटली आधी लपवली, मग शोधून दिली. जो तो तुळशीला पाणी घालतोय, तिथे नुसता चिखल. ह्यांना सांगितलं, तर म्हणे तुझ्या वर्गातून सगळे पुढारीच निघणार.

९, शुक्र.
आज हसू आलं नाही. हिराने अक्षर जुळवायला घेतलं की चौघं ओरडून सांगतात. खिचडीचं ताट धुवायचं, तेही हातातून काढून घेतलं. घंटा सार्थकची. हिरा मान खाली घालून.

१२, सोम.
हिरा आलीच नाही. मधल्या सुटीत रानात गेले. कोकराला बाटलीने दूध पाजत बसलेली. बाटली रिकामी झाली. मग म्हणाली, "मला कायबी येत न्हाई असं वाटतंय त्यास्नी."
थोबाडीत बसल्यासारखं झालं. मदत करा म्हणून मीच मागे लागले होते.
तिची आई म्हणाली, चारा सरला की आम्ही उंब्रजकडे. हिराची आत्या याच गावात दिलेली, तिच्याकडे ठेवा म्हटलं. "आवं बाई, पोरगी ऱ्हायली पायजे की."

१३, मंगळ.
घंटेचा नियम रद्द. पोरं हिरमुसली. आता आधी 'करू का?' विचारायचं, नको म्हटलं की गप बसायचं. सार्थक म्हणाला, "बाई, गप बसणं ही मदत व्हय?" व्हय म्हटलं. पटलेलं दिसलं नाही. मला तरी कुठे...

१५, गुरु.
हिरा आली! सार्थक सकाळी रानात गेला होता म्हणे. काय बोलला, दोघंही सांगत नाहीत.
धडा वाचायला उभी राहिली. 'पाखरं'वर अडली. सार्थकने ओठ दाताखाली धरले. सगळा वर्ग तसाच, कुणी चकार शब्द काढला नाही. वाचलं तिने. मग पुढची ओळही. फळा पुसायच्या निमित्ताने मी पाठ फिरवली, डोळे भरलेले.

१९, सोम.
शाळेमागचं रान रिकामं. मेंढ्या पहाटेच हलल्या. हिरा आत्याकडे राहिली की गेली, कुणालाच माहीत नाही. आत्याच्या दाराला कडी.
परिपाठाची वेळ झाली. रांगेत पोरांनी तिची जागा मोकळी ठेवलेली. प्रार्थना सुरू करा म्हटलं, कुणी तोंड उघडेना. सगळ्यांच्या नजरा फाटकाकडे.
"बाई, थांबू की जरा," सार्थक म्हणाला.
थांबलो.