सुईचा ताप

आणि ऐकून घ्यायची सवय मला नाही, असं तुम्ही म्हणायचात, बाबा. मला म्हणायचात. आईनं त्या दुपारी घसा फुटेस्तोवर एकच गोष्ट सांगितली, ती तुम्ही ऐकलीत का? तुम्ही जिवंत होतात तोवर हे भांडण मला करता आलं नाही. मी पंधरा वर्षांचा होतो आणि तुमचा पंजा माझ्या तोंडाएवढा होता. आता माझाही तेवढा झालाय, इथे रंगूनच्या लाकडाच्या गिरणीत ओंडके ढकलून ढकलून. परवा मुकादमानं एका तेलंगी हमालाला मानेला धरून प्लेगची सुई टोचणाऱ्या डॉक्टरपुढे फरफटत नेलं, तेव्हा याच पंजानं मी मुकादमाचा दात पाडला. रक्त माझ्या सदऱ्यावर उडालं. लोक म्हणाले, तू सुईच्या विरुद्ध आहेस काय? मी बाही वर करून दंड दाखवला, म्हटलं कालच टोचून घेतलीय. मग मारलंस कशाला? ते काही सांगता येईना. तुम्हाला सांगतो. तिसरीतून काढून तुम्ही मला पागेत घातलंत, तेव्हा अक्षर असंच येणार, सांभाळून घ्या.

त्या साली गाठीचा ताप बडोद्यात शिरला आणि महाराजांच्या पलटणीतली तुमच्यासारखी माणसं झडतीला लावली. घराघरात शिरायचं, माजघर, माळा, धान्याची कोठी सगळं उघडायचं, कुणाच्या काखेत नाहीतर जांघेत गाठ लागली की त्याला डोलीत घालायचं आणि हरणी गावाच्या बाजूला शेतात चटयांच्या झोपड्या होत्या, तिथे नेऊन टाकायचं. प्लेगपेक्षा लोक तुम्हाला जास्त भ्यायचे. घरी आलात की बाहेर दगडावर कढत पाण्यानं अंघोळ, आणि मग जेवता जेवता गोष्टी. कुणी म्हातारीला पिंपात बसवलं होतं, कुणी मेलेल्या भावाला भिंतीशी टेकवून त्याच्या हातात पत्ते दिले होते. हसायचात तुम्ही. आणि सांगायचात की जिवंत सापडलेला प्रत्येकजण एकच म्हणतो, साहेब, हा गाठीचा ताप नाही, सुईचा ताप आहे, कालच टोचून आलोय. कारण सुई घेतली की एखाददुसरा दिवस ताप भरायचा, दंड सुजायचा, कुणाकुणाला काखेत दुखरी गाठही यायची, हे गावाला माहीत झालं होतं. तुम्ही म्हणायचात, "सुई घेतली म्हणेल त्याला आधी उचलायचा."

आई तेव्हा पोटुशी होती, पाचवा सरला होता. गल्लीतल्या गरोदर बायकांचं सुईबद्दल ठरून गेलं होतं, की पोटात जीव असताना अंगात विष घ्यायचं नाही. कुणी म्हणे मूल आंधळं होतं, कुणी म्हणे गर्भ आतल्या आत वितळतो. तुमचं कारण वेगळंच. परक्या माणसानं तुमच्या बायकोचा दंड धरायचा नाही. तुम्ही स्वतःही घेतली नव्हती, रोज मढी उचलतो, मला काय होतंय, असं मिशीला पीळ देऊन सांगायचात. पण समोरच्या सोनाराची सून होती ना, आईची मैत्रीण, तिला सातवा लागला होता. दोघी धुणं वाळत घालताना हळू आवाजात बोलायच्या. शाळेच्या ओसरीवर पारशी डॉक्टरीणबाई बसते, पडद्यातून नुसता हात पुढे करायचा, ही बातमी सुनेनंच आणली. शेवटी आई तिला म्हणाली, आधी मी जाते, मला सोसलं तर मग तू जा. मी विचारलं, बाबांना कळलं तर? दंडावरून पदर ओढून घेत ती म्हणाली, "पोटातलं काय वेगळ्या घरात राहतं? मी मेले तर तेही मेलंच."

ती सुई घेऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही अवेळी घरी येता. आई चुलीपुढे भाकरी थापतेय आणि चुलीपुढेच कुडकुडतेय. तुम्ही दार लावून घेता. कपाळाला हात लावत नाही, सरळ काखेत बोटं घालता, जशी दिवसभर परक्यांच्या काखेत घालता. गाठ लागते. ती म्हणते, "अहो, सुई घेतलीय मी. सुईचा ताप आहे हा." तेव्हा तुमच्या तोंडावर मी ते पाहिलं, बाबा. हसू. जेवताना असायचं तेच. "सगळे हेच म्हणतात," तुम्ही म्हणता. ती पुन्हा सांगते, डॉक्टरीणबाईला विचारा, सोनाराच्या सुनेला विचारा, आणि सांगता सांगता दोन्ही हातांनी दाराची चौकट धरते. तुम्ही बोटं सोडवत बसत नाही, मनगटावर मूठ हाणता. बांगड्या फुटून तिच्याच हातात शिरतात. मी तुमच्या पाठीवर चढतो, तुम्ही कोपरानं मला उडवता, माझं डोकं हंड्यावर आपटतं. ती रक्ताच्या हातांनी परत चौकट धरते. मग तुम्ही मागून गुडघा घालता आणि ती पुढे पडते, पालथी, पाट्यावर. ओल्या धुण्याचा पिळा दगडावर आपटावा तसा आवाज झाला. इथे करवती दिवसभर किंचाळतात, तरी तो आवाज मला त्यांच्यातून ऐकू येतो.

हे पाहणारे आपण तिघंच. गल्लीनं पाहिलं ते त्यानंतरचं. तुम्ही बायकोला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आलात, स्वतः डोलीत ठेवलंत, पुढचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतलात. तुमचा जमादार सगळ्यांसमोर म्हणाला, शिपाई असावा तर असा, घरच्यांनाही सोडलं नाही. माना डोलल्या. तिकडे झोपडीत आईच्या डावीकडची बाई मेली, उजवीकडची मेली, आणि आईचा ताप आपोआप उतरला. डॉक्टरीणबाई फेरीवर आली, तिनं ओळखलं, म्हणाली ही तर माझ्याकडे आली होती. पण तोवर आईच्या खालची चटई आणि चटईखालची माती भिजून गेली होती. मुलगा होता म्हणे.

घरी आणल्यावर बायका जमल्या. तुम्ही ओसरीवर मान खाली घालून बसला होतात. शेजारच्या गुजराती काकीनं विचारलं, काय झालं गं? आईनं उघड्या दारातून तुमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगते. ती म्हणाली, "सुई सोसली नाही."

काकीनं कपाळावर हात मारून घेतला. "सोय लीधी ने छोकरुं गयुं," ती म्हणाली, आणि सुई घेतली नि पोर गेलं, हे संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. सोनाराची सून दाराशी उभी होती, पोटावर हात धरून. ती घरी गेली आणि तिनं सुई घेतली नाही. पुढे तिला गाठ आली तेव्हा उचलायला तुम्हीच गेलात. ती पोटासकट मेली. सोनाराकडचं रडणं ऐकू आलं तेव्हा आई पाट्यावर मिरच्या वाटत होती. वाटण कधीच झालं होतं, तरी वाटतच राहिली, बोटांची सालं निघाली, लाल काय मिरचीचं आणि काय तिचं ते कळेना. मी वरवंटा ओढून घेतला तर तिनं तो माझ्या पायावर टाकला.

मग तुमची पाळी आली. जांघेत. तुमच्याच माणसांनी डोली आणली, आणि तापात तुम्ही हुकूम सोडत होतात, उचल, दांडा धर, उचल. स्वतःलाच उचलायचा हुकूम. मला हसू फुटलं. आईनं माझ्या मुस्कटात अशी दिली की दाताखाली जीभ आली. तुमच्यावर हसलो म्हणून.

आता पुढचं ऐका, आता मध्ये बोलता यायचं नाही. मी लग्न केलं. वाघोडियाकडची मुलगी आहे, आईजवळ राहते, तिला सहावा चालू आहे. आणि बडोद्यात गाठ परत आलीय. तिनं शेजारच्या शाळेत जाणाऱ्या पोरीकडून पत्र लिहवून घेतलं. काकी म्हणते तुझ्या सासूचं मूल सुईनंच गेलं, तू त्या वाटेला जाऊ नकोस, तर मी काय करू? आणि खाली एक ओळ, की सासूबाईंना विचारलं तर त्या काही बोलत नाहीत, उठून आत जातात. ती ओळ वाचून मी भिंतीवर बुक्की मारली. चामडी गेली. किती वर्षं आत जात राहणार ती? तुमच्या नावाला डाग नको म्हणून तिनं सगळं सुईच्या माथी मारलं, आणि त्या एका वाक्यानं गल्लीतल्या किती पोटुश्या बायका घरात बसल्या, कुणास ठाऊक. तिच्यावरही राग येतो मला. पण तिला मी काय बोलू? चौकट तिनं धरली होती, मी नव्हे.

नुसतं "सुई घे" असं बायकोला लिहिणं सोपं होतं. पण तो तुमचाच हुकूम झाला असता, फक्त उलटीकडून. मनीऑर्डरच्या कुपनावर चार ओळींची जागा असते, आणि आपल्या गल्लीत पोस्टमन ती अंगणात उभं राहून मोठ्यानं वाचतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. काकी ऐकेल, सोनार ऐकेल, आई कुठेही आत गेली तरी ऐकेल. मी लिहिलं, आईला सुई सोसली होती, बाबांनी तिला पाट्यावर पाडलं म्हणून बाळ गेलं, मी पाहिलंय, आता तुला पटेल तसं कर. तुमचं नाव आईनं इतकी वर्षं चुलीपाशी झाकून ठेवलं होतं. मी ते पोस्टमनच्या हातात दिलं. ती मला कधी माफ करणार नाही, असंही होईल.

हा कागद कुठे टाकणार, गिरणीच्या भट्टीत जाईल. एक मात्र खरं सांगतो. हे सगळं मी उभ्यानं लिहिलंय, खोक्यावर कागद ठेवून. बसलो की हात चालत नाही. तुमच्यासमोर मी कधी बसलोच नव्हतो ना. मनीऑर्डर सकाळीच केली. दर महिन्याला आठ पाठवतो, या खेपेला वर एक टांग्यासाठी घातला. बायकोला सुईला जायचं असेल तर आईला बरोबर घेऊन तिनं बसून जावं, कुणी उचलून न्यायचं नाही. नऊ रुपये पाठवलेत.