शंभर शिपाई कामी आले

४ नोव्हेंबर, सोमवार
घोटाळा! वर्गासाठी घरी केलेल्या किल्ल्याच्या पुस्तकाचं शेवटचं पान. वर माझ्या अक्षरात: 'वेढा सहा महिने चालला. शंभर शिपाई कामी आले.' खाली सासऱ्यांचं, अण्णांचं चित्र — शंभर शिपाई कामाला लागलेत! एक पाणी भरतोय, एक भिंतीत दगड बसवतोय, एक बुरुजावर बसून सदरा शिवतोय. एक तर घोड्याच्या शेपटीतल्या गाठी सोडवतोय. लढाईत मेलेली माणसं!

हे मला कळलं कुठे, तर चौथीच्या वर्गात, अडतीस मुलांसमोर. रात्री रंग ओले होते म्हणून पुस्तक आज सकाळी हातात पडलं, न बघताच शाळेत नेलं. मुलं अर्धा तास त्या पानाला चिकटून. एरवी लढाईचं चित्र आलं की मिनिटात पान उलटतात. मीही काही बोलले नाही. उद्या सांगेन.

५ नोव्हेंबर, मंगळवार
सांगितलं नाही. मुलांनी शिपायांना नावं ठेवलीत. गाठीवाला आळशी आहे म्हणे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
मोठ्या बाईंनी बोलावलं. चौदाला तपासणीचे साहेब येणार. "चित्रं बघून इतिहास होतो का, हे त्यांनाच ठरवू दे. नाही म्हणाले तर पुस्तकं अडगळीच्या खोलीत आणि तुम्ही परत प्रश्नोत्तरं लिहून द्यायला." बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

प्रश्न माझा नाही. मी बावीस वर्षं प्रश्नोत्तरं लिहून दिलीत, अजून देईन. प्रश्न सासऱ्यांचा. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, सासूबाई गेल्यावर दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला होता. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा. पुठ्ठे पुढ्यात टाकून "अण्णा, राजे-किल्ले काढता का?" म्हटलं तेव्हा उठले. हे सातवं पुस्तक. ते बंद झालं तर अण्णा परत भिंतीकडे वळतील. मला भीती वाटते.

१० नोव्हेंबर, रविवार
ह्यांना पान दाखवलं. खो खो हसले. मग, "अण्णांचं डोकं चालेनासं झालंय का गं?" म्हणाले. परवा अण्णांचा चष्मा साखरेच्या डब्यात सापडला होता. मी म्हटलं, तुमचा तर रोज सापडत नाही.

पण मनात तेच आलं होतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
साहेब आले. गोरेपान, हळू बोलणारे. माणूस वाईट नाही. नेमकं तेच पुस्तक उचललं. सात पुस्तकांत तेच!

"वेढ्यात किती शिपाई कामी आले?"

अडतीस तोंडं: "शंभर!"

"शाब्बास. कामी आले म्हणजे?"

चिमणी उभी राहिली. वर्गात सगळ्यात लहान, आवाज सगळ्यात मोठा. "म्हणजे उपयोगी पडले! ह्याने पाणी भरलं, ह्याने भिंत बांधली, हा आळशी आहे पण घोडा ह्यालाच जवळ येऊ देतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खडूकडे.

"बाळ," साहेब म्हणाले, "कामी आले म्हणजे मेले."

मग चिमणी: "सगळे?"

"हो."

"शिवणारापण? त्याची बाही राहिलीय."

आणि रडायला लागली. मग शेजारची. मग मागचा अख्खा बाक! मोठ्या बाई दारात आ वासून. बावीस वर्षांत किती लाख माणसं मारली असतील मी फळ्यावर, एका मुलाच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. आज शंभरांसाठी वर्ग रडला, आणि मला त्याचीच लाज वाटत होती.

साहेब जाताना म्हणाले, "पान बदला. अर्थ चुकीचा जाता कामा नये. पंचवीसला परत येतो, तेव्हा ठरवू." 

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
अण्णांना विचारलं. सरळच. "कामी आले म्हणजे काय, माहीत नव्हतं का तुम्हाला?"

ब्रश धुणं थांबलं नाही. "सूनबाई, चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. एक शब्द चुकला नाही."

"मग?"

"मेलेले काढले की पोरं बघत नाहीत. पहिल्या पुस्तकात काढले होते. तूच सांगितलंस, भराभर पान उलटतात."

डोकं चालतंय. माझ्यापेक्षा बरं चालतंय. ह्यांना सांगितलं. ह्यांनी अण्णांना चहा स्वतः करून दिला. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पहिल्यांदा!

१९ नोव्हेंबर, मंगळवार
नवं पान सुरू नाही. अण्णा खिडकीत बसून आहेत. खिडकीत, भिंतीकडे नाही. तरी मी दर दहा मिनिटांनी डोकावते.

२४ नोव्हेंबर, रविवार
पान झालं. तीच भिंत, तोच बुरूज. अर्धी भरलेली घागर. न बसवलेला दगड. एका बाहीचा सदरा, सुई तशीच टोचलेली. घोडा मान वळवून बघतोय. माणूस एकही नाही.



२५ नोव्हेंबर, सोमवार
साहेबांनी पान बराच वेळ धरलं. एकाही मुलाने पान उलटा म्हटलं नाही. साहेब म्हणाले, "जुनं पान काढू नका. आधी ते, मग हे." मोठ्या बाईंना म्हणाले, "पुस्तकं चालू दे. दुसऱ्या शाळांनाही दाखवू." मोठ्या बाई लगेच म्हणाल्या, मी पहिल्यापासून हेच म्हणत होते. धन्य!

घरी आल्यावर अण्णांना सांगितलं. "बरं," म्हणाले. पण संध्याकाळी दाढी केली.

२ डिसेंबर, सोमवार
आठवं पुस्तक. मोठी लढाई. अण्णा पुठ्ठा घेऊन बसले, मी मजकूर वाचून दाखवला: 'दोन हजार कामी आले.'

अण्णांनी पेन्सिल उचलली. "कोण कोण?"