ताटं कोण घासतंय?

शहापूर, बेळगाव
दि. २ ऑगस्ट

तीर्थस्वरूप सौ. कल्याणीआक्कास,

धाकट्या आनंदचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्ष वाकणे सध्या शक्य नाही, कारण पुढे सविस्तर येईल.) तुझा उजवा गुडघा कसा आहे? निपाणीच्या पावसात भावजींचा खोकला वाढला नसेल, अशी आशा करतो. आम्ही उभयता कुशल आहोत. निदान केतकी तरी आहे. फोनवर तू माझे संदेश ‘म्यूट’ केल्याचे तिच्याकडून समजले. राग नाही. उलट त्या निमित्ताने टपाल खात्याशी माझा तुटलेला संबंध पुन्हा जुळला.

एकतीस वर्षे भूमिती शिकवून निवृत्त झाल्यावर मी ‘चित्रास्वाद’ हा चित्रपटचर्चेचा व्हॉट्सॲप गट स्थापन केला, हे तू सदस्य असल्याने जाणतेसच. रविवारी सकाळी दहाची चर्चा म्हणजे माझी शाळा सुटल्यानंतरची शाळा होती. इतर गटांत कोणीही काहीही बोलतो. आपल्याकडे शिस्त होती. नवख्याने पहिले एकवीस दिवस केवळ वाचन करावे. या मुदतीस मी ‘श्रवणकाल’ असे नाव दिले होते. (वाचनाला श्रवण का म्हणायचे, असे एका नवख्याने विचारले होते. त्याची मुदत मी आणखी एकवीस दिवसांनी वाढवली.) त्यानंतर माझी ‘प्रवेशिका’, भाग एक ते अकरा, अभ्यासून मगच प्रश्न विचारावा. हे सारे पुरे करून वर्षभरात एकाही नवख्याने प्रश्न विचारला नाही. त्यावरून सर्वांना सर्व काही समजले आहे, अशी सिद्धता मी मांडली होती.

अशा या गटात जुलैच्या मध्यावर जांबोटीच्या मालुबाई आल्या. वय साठीपुढचे, स्वतःच्या छायाचित्राच्या जागी म्हशीचे छायाचित्र. त्यांनी आयुष्यात चार चित्रपट पाहिलेले, तेही बेळगावात येऊन मध्यंतरापर्यंतच, कारण पुढे थांबल्यास जांबोटीची शेवटची बस चुकायची. श्रवणकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी लिहिले, “शिनेमात माणसं सारखी जेवत्यात, रुसून ताटावरनं उठत्यात. मग ती ताटं कोण घासतंय? त्ये का दावत न्हाईत?”

आक्का, येथे माझा तोल सुटला. क्रम मात्र सुटला नाही. मी अकरा भागांत उत्तर दिले. चौथ्या भागात असे विधान आले की, ज्यांनी एकही चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला नाही त्यांनी रचनेविषयी बोलणे म्हणजे त्रिकोणाची एकच बाजू मोजून क्षेत्रफळ सांगणे होय. काही सदस्यांनी हसरे चेहरे धाडले. (त्यांतील एक तुझा होता. नोंद ठेवली आहे.) मालुबाईंनी “बरं” एवढेच लिहिले आणि त्या गट सोडून गेल्या.

 मग ॲडव्होकेट मारुतीराव, ज्यांच्या मौनाला मी आजवर सखोल चिंतन समजत आलो, त्यांनी लिहिले, “सर, मला बी ह्योच प्रश्न पडलेला. कोर्टात जजला भीत न्हाई मी, पण हितं लई भ्या वाटतंय.” त्यानंतर बांधच फुटला. दिग्दर्शक नेमके काय करतो, हे नऊ सदस्यांना ठाऊक नव्हते. (मी त्यांना सहा महिने दिग्दर्शनशैली समजावत होतो.) तिसऱ्या दिवशी मारुतीरावांनी मालुबाईंना पुढे करून ‘ताटं कोण घासतंय’ नावाचा नवा गट काढला. छत्तीसपैकी चौतीस सदस्य तिकडे गेले, तुझ्यासकट. ‘चित्रास्वाद’मध्ये आता मी आणि माझा दुसरा नंबर, असे दोघेच उरलो आहोत. आमच्यात मतभेद नाहीत. पण चर्चाही रंगत नाही.

दोन रविवार असे काढल्यावर मी क्षमापत्र तयार केले (भाग एक ते तीन, लॅमिनेशन करून) आणि जांबोटीस गेलो. मालुबाई भाताच्या लावणीत होत्या. मी बांधावर उभा राहून भाग एक वाचू लागलो. त्या चिखलातूनच म्हणाल्या, “वाचन ऱ्हाऊंद्या सर. परतीची बस पाच तासांनी हाय. तवर बांधावर उभं ऱ्हाऊन काय करशिला? उतरा खाली.”

उतरलो. प्रथम उपस्थित आठ महिलांना सरळ रेषेची व्याख्या सांगितली, मग रोपांची जुडी घेऊन ती रेषा प्रत्यक्ष आखू लागलो. एक पाऊल पुढे, एक रोप. एक पाऊल पुढे, एक रोप. शेताच्या टोकास पोहोचून अभिमानाने वळून पाहिले, तर मागे रेषा नव्हती. फक्त माझ्या पावलांचे खड्डे होते आणि त्यांत आडवी झालेली रोपे. एका बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाकीच्यांनी आभाळाकडे पाहिले.

मालुबाई जवळ आल्या. “सर, तुमी पुढं पुढं चाललायसा. लावणीत मागं सरकायचं असतंय. पुढं गेलं की आपलंच लावल्यालं आपुनच तुडवतंय माणूस.” मग माझा अंगठा धरून रोप कसे रोवायचे ते दाखवले. मी चार वेळा चुकलो; त्यांनी चार वेळा दाखवले. आजवर किती शेते लावलीत, असे एकदाही विचारले नाही. त्यानंतर बस येईपर्यंत मी मागे सरकत होतो. वाकण्याविषयी आरंभी जे लिहिले, त्याचे कारण हेच.

येताना क्षमापत्र त्यांना दिले. पावसात न भिजणारा कागद म्हणून त्यांना ते फार आवडले. गोठ्याच्या खिडकीला लावणार आहेत. असो. मी आमूलाग्र बदललो आहे. प्रवेशिका जवळजवळ रद्दच केली आहे. (आता सातच भाग उरले आहेत.) भावजींना नमस्कार. गुडघ्याची काळजी घे.

तुझा,
आनंद

ता. क. : मुख्य मुद्दा राहिला. मालुबाई मला गटात घेण्यास तयार आहेत; पण तिथला नेम असा की, येणाऱ्याने आधी एक प्रश्न विचारायचा, आणि त्याचे उत्तर त्याला स्वतःला खरोखर माहीत नसले पाहिजे. आक्का, तीन दिवस शोधतो आहे. जो प्रश्न सुचतो त्याचे उत्तर मला येते, आणि मी ते लिहूनही काढतो. लहानपणापासून तू मला ओळखतेस. मला काय येत नाही, ते कृपया उलट टपाली कळव. यादी लांबली तरी चालेल.

ता. क. २ : पाकीट चिकटवण्यापूर्वी पत्र केतकीने वाचले. म्हणाली, “आपल्या घरात ताटं घासायची घासणी कुठं असते, ते विचारा की.” आक्का, पाऊण तास शोधली. शेवटी तोच प्रश्न पाठवला आणि मला तत्काळ प्रवेश मिळाला. हे तू गटात पाहिले असशीलच, आणि तुझा हसरा चेहराही मी पाहिला. परंतु मालुबाईंसह पस्तीस सदस्यांपैकी कोणीही उत्तर देत नाही, आणि केतकी स्वतःचा फोन बंद ठेवून माहेरी येळ्ळूरला गेली आहे. कालपासूनची ताटे मोरीत तशीच पडली आहेत. तू दिवाळीला आली होतीस तेव्हा ती घासणी पाहिली असल्यास, उलट टपाली न कळवता सरळ फोन कर.