कुलूपवाल्याची कोरी यादी

३ मार्च, सोमवार

थोडक्यात वाचलो! कॉम्प्युटरवर नुसतं 'हात' लिहिलं, तर पुढचं त्यानंच पूर्ण केलं – 'हात थरथरणे, उपाय'. आणि शेजारी बायको भाजी निवडतेय! तीस वर्षं लोकांची कुलपं दुरुस्त करतोय, आणि माझंच दार सताड उघडं.

लेकीला कळलं तर संपलंच. "बाबा, आता दुकान बंद!" तिचं वाक्य मला पाठ आहे.

५ मार्च, बुधवार

लेकीलाच फोन केला. म्हटलं, एक गिऱ्हाईक विचारतंय – बघितलेलं पुसायचं कसं? "हिस्टरीत जा, सगळं निवडा, काढून टाका." जिच्यापासून लपवायचं तिच्याकडूनच शिकलो. आहे की नाही डोकं!

६ मार्च

पुसलं! अगदी पहिल्या दिवसापासूनचं. ऊर भरून आला.

संध्याकाळी हिची बोंब – "अहो, माझे पासवर्ड कुठे गेले? विणकामाचा वर्ग उघडेना!" म्हटलं, कॉम्प्युटर म्हातारा झालाय. "तो एकटाच का?" म्हणाली, आणि चहा ठेवून गेली. अर्धा कप. हल्ली चहाच्या बाबतीत फार हात आखडता घेते.

१० मार्च

प्रायव्हेट खिडकी सापडली. बंद केली की हिस्टरीच्या यादीत काही राहत नाही. औषधांच्या जाहिरातीही मागे लागत नाहीत. मी तर आता उस्ताद झालो!

दुकानात एक जुनं कपाट आलं होतं. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि चार मिनिटांत उघडलं. गिऱ्हाईक बघतच राहिलं.

१४ मार्च

डॉक्टरची वेळ घेतली, कॉम्प्युटरवरूनच. मंगळवारी दहाला. कुणाला पत्ता नाही.

१५ मार्च, शनिवार

घात! दुकानात आठवलं – काल साधीच खिडकी उघडली होती. आणि दुपारी लेक यायची होती, आल्या आल्या कॉम्प्युटरवर बसते. शटर ओढलं, धापा टाकत घरी आलो. बसलेलीच होती! "बाबा, शिकलात की! यादी अगदी कोरी."

मी पुसलीच नव्हती.

१६ मार्च

लेक गेली. ही चहा घेऊन आली. "मंगळवारी दहाला ना? मी येतेय."

कप अर्धाच. सहा महिने हात थरथरतोय, पण माझ्या हातून एकदाही चहा सांडलेला नाही. मला वाटायचं, लपवण्यात मीच पटाईत.